ठाण्याहून चार दिवस कोकणातल्या आडबाजूच्या समुद्रकाठच्या गावात जायचंय. गाडी थेट वाळूपर्यंत जाईल असं गाव कोणतं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय: नौपाड्यात राहतो, सोबत दोन मुलं आणि आई, आईचे गुडघे दुखतात म्हणून गाडी वाळूपर्यंत जायला हवी, हॉटेल नको, गावात कुणाच्या तरी घरी उतरायचंय. गावांची नावं देते, पण आधी गाडीचं. दर मोठ्या सुट्टीनंतरच्या सोमवारी आमच्या ऐरोलीत मोबाईलवर एकच व्हिडिओ फिरतो. पांढरी गाडी, चाकं अर्धी वाळूत, मागून लाटा, आणि खाली शेरे की गाववाले मुद्दाम ट्रॅक्टर तयार ठेवून लुटतात. त्या शेऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे.

गाडी रस्ता संपतो तिथे थांबवायची. सुरूच्या बनात, देवळाच्या पटांगणात, यजमानांच्या खळ्यात, ते सांगतील तिथे. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, उतरवायची नाही, चारही चाकं ओढणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) असली तरी नाही. किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांवर पोलीस गुन्हे दाखल करतात, पण ते कारण मी शेवटचं धरते. पहिलं कारण भरती.

भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तासाने पुढे. हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी लागते, म्हणून मुंबईचा तक्ता घेऊन मालवणच्या पाण्यात उतरू नये. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढही कमी आणि उतारही कमी. उधाणाचा जोर तिथीनंतरही एक-दोन दिवस राहतो.

आता शनिवार त्रयोदशीचा आहे असं धरा. तेराची पाऊणपट पावणेदहा. रात्री पावणेदहाला भरती, म्हणजे दुपारी साडेतीनला ओहोटी. जेवून, झोप काढून लोक साडेचारला पुळणीवर येतात तेव्हा समुद्र लांब गेलेला असतो. पुढ्यात शे-दीडशे मीटर ओली, घट्ट, काळपट वाळू. चालताना पाऊलसुद्धा उमटत नाही. रस्त्यापेक्षा गुळगुळीत वाटते, आणि गाडी खाली जाते. ओली वाळू खरंच घट्ट असते, कारण कणाकणांत पाण्याचा पातळ थर असतो आणि तोच कणांना एकमेकांशी धरून ठेवतो. पण हे वाळूत पाणी थोडं असतं तोवरच. पाणी भरलं की तेच कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं आणि वाळू पातळ पिठासारखी होते.

ते पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास घ्या आणि एकूण चढ बारा भागांत वाटा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे निम्मा चढ मधल्या दोन तासांत. एकूण चढ २.४ मीटर असेल तर पहिल्या तासात २० सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ६०. पन्नास मीटरला एक मीटर उतार असलेल्या सपाट पुळणीवर ६० सेंटिमीटर म्हणजे तासाभरात तीस मीटर वाळू पाण्याखाली. आपल्या शनिवारी हे दोन तास कधी येतात? साडेपाच ते साडेसात. बरोबर सूर्यास्ताचे फोटो काढायच्या वेळी. लोक पाण्याकडे तोंड करून उभे असतात आणि गाडी मागे उभी असते, म्हणून चाकाखाली पाणी झिरपतंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. लाट टायरला लागायच्या बऱ्याच आधी खालची वाळू मऊ झालेली असते.

मग गाडी सुरू करतात, ती हलत नाही, आणि सगळे करतात तीच चूक होते: ॲक्सिलरेटर दाबला जातो. चाक जागच्या जागी फिरतं आणि आपल्या खालची वाळू मागे फेकतं. दोन-तीनदा केलं की गाडीचं पोट वाळूवर टेकतं. पोट टेकलं की चाकांवर वजनच राहत नाही, मग इंजिन कितीही मोठं असो, गाडी जात नाही. उभ्या गाडीच्या चाकाभोवती परतणारी लाट खळगा करते, त्यामुळे नुसती थांबून राहिली तरी ती खाली जातच राहते.

रुतलीच तर पहिल्या फसलेल्या फिरकीला पाय काढा. सगळ्यांना खाली उतरवा, सामान उतरवा. चारही टायरांतली हवा ३२-३३ वरून १८-२० पीएसआयवर आणा. व्हॉल्व्हची पिन किल्लीच्या टोकाने दाबली की हवा निघते. टायर पसरट होतो, वजन जास्त वाळूवर वाटलं जातं आणि पकड येते. नुसत्या एवढ्यावर बऱ्याच गाड्या सुटतात, आणि हेच कुणी करत नाही, कारण हवा काढायला मन धजत नाही. मग ज्या दिशेने जायचंय त्या बाजूला चाकापुढची वाळू हाताने उकरून उतार करा, खड्डा नव्हे. पोटाखालची वाळूही काढा. चाकापुढे गोणपाट, पायपुसणी, फळी, वाळलेल्या झावळ्या, मिळेल ते घट्ट खुपसा. गाडीतल्या रबरी मॅट उलट्या घाला, खडबडीत बाजू वर. स्टिअरिंग सरळ ठेवा, दुसरा गिअर, क्लच हळू सोडा. ढकलणाऱ्यांनी बाजूने ढकलावं, फिरत्या चाकामागे कुणी उभं राहू नये. एकदा सुटली की कोरड्या घट्ट जागेपर्यंत मध्ये थांबायचं नाही. हवा भरेपर्यंत तीसच्या वर वेग नको, नाहीतर टायर रिममधून निसटतो.

दहा मिनिटांत सुटली नाही तर ट्रॅक्टर बोलवा. "अजून एकदा बघू" म्हणत घालवलेल्या अर्ध्या तासात पाणी किती चढतं ते वर लिहिलंय. दोर टो हुकलाच बांधायचा. तो बहुतेक गाड्यांत डिकीतल्या हत्यारांसोबत असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून पिळायचा असतो. बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला बांधलेला दोर ती वस्तूच उपटून काढतो. दोर ताणलेला असताना सगळ्यांनी लांब उभं राहायचं. खारं पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत चढलं असेल तर इंजिन सुरू करायचंच नाही, बॅटरीची ऋण तार काढायची आणि न्यूट्रलमध्ये ओढून न्यायची. पाणी तेवढं आलं नसेल तरी त्याच रात्री पोटाखालून, चाकांच्या कमानींतून आणि ब्रेकवरून गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारायचा आणि मग हळू चालवत दोन-चारदा ब्रेक दाबून ते सुकवायचे. हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

आणि पुळण रिकामी असते असंही नाही. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री वर येतात, सुकी वाळू उकरून शंभरेक अंडी घालतात आणि खड्डा बुजवून परत जातात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं निघतात. त्यांचं सगळं अंग तुमच्या तळहाताच्या निम्मं. गाडीच्या टायरचा चर त्यांच्यासाठी खंदक असतो. त्यात पडलेलं पिल्लू समुद्राकडे जायचं सोडून चरातच चालत राहतं, तोवर ऊन चढतं किंवा कावळा येतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून ही घरटी राखली. आज तिथे घराघरांत पाहुणे उतरतात ते याच कामामुळे.

आईच्या गुडघ्यांची सोय गाडीने नव्हे, भरतीने होते. ओहोटीला नेलंत तर त्यांना आधी सुकी वाळू, मग शंभर मीटर ओली वाळू चालावी लागेल. गुडघ्यांना सगळ्यात त्रास सुक्या वाळूचा, कारण पाय प्रत्येक पावलाला मागे सरकतो. पूर्ण भरतीच्या आधी-नंतरच्या तासाभरात नेलंत तर समुद्रच सुरूच्या बनाजवळ येतो. यजमानांकडून प्लास्टिकची खुर्ची मागून घ्या, सावलीत ठेवा. पायाखाली चार पावलं सुकी वाळू, बस. मुलांना मात्र ओहोटीला न्या, तेव्हा पाणी उथळ आणि शिंपले भरपूर. खाडीच्या मुखाजवळ कुणालाच पाण्यात सोडू नका. उतरणारं पाणी तिथे नदीसारखं ओढतं. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे न झगडता आधी किनाऱ्याला समांतर पोहायचं, ओढ संपली की मग आत यायचं.

आता गावं. कासवांसाठी वेळास, फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, पण शनिवार-रविवार टाळा. दापोली तालुक्यात केळशी आणि आंजर्ले, गुहागरच्या बाजूला हेदवी आणि नरवण. सिंधुदुर्गात जायची तयारी असेल तर तोंडवळी-तळाशील. तिथे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. तुमच्यासारख्या कुटुंबाला मी केळशी सांगेन. गाव मोठं आहे, दुकान-डॉक्टरची सोय होते आणि पुळण लांबलचक आहे.

गाडीने जायचं तर पहाटे चारला ठाणं सोडा. सहानंतर निघालात तर पनवेल-पेणमध्येच दिवस तापतो. वेळासला माणगाव-म्हसळा-बागमांडला करून फेरीबोटीने वेसवीला उतरता येतं. दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ इथेही गाड्यांची फेरीबोट आहे. शेवटच्या फेरीची वेळ त्याच दिवशी फोनवर विचारा, भाडं रोख ठेवा, बोटीत गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि हँडब्रेकवर. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त आणि शेवाळलेला असतो, तेव्हा आईंना आधीच खाली उतरवून चालत चढवा.

पण आईंचा विचार करता मी रेल्वे म्हणेन. कोकण रेल्वेच्या बऱ्याच गाड्या ठाणे-पनवेलला थांबतात, आणि दिव्याहून सकाळी सुटणारी सावंतवाडी गाडी आहेच. केळशीसाठी खेडला उतरा, तळाशीलसाठी कणकवली किंवा कुडाळ. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, सुट्टीचं त्याच सकाळी संपतं. पुढे एसटी. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत, आईंचं आधार कार्ड वर ठेवा. वस्तीच्या गाडीची वेळ मात्र पक्की विचारून घ्या. ती संध्याकाळी गावात येते, रात्री मुक्काम करते आणि पहाटे निघते. चुकली तर तालुक्याच्या गावातून रिक्षा करावी लागते, आणि परतीचं भाडंही आपल्यालाच.

घरी उतरायचं असेल तर पाहुण्यांचा आकडा आणि खाण्याच्या सवयी दोन दिवस आधी कळवा. मासे बाजारातून नव्हे, बोटीवरून येतात. सकाळी किती माणसं ते कळलं तरच घेतले जातात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा सुरमई-पापलेट मागू नका, मिळालं तर ते बर्फातलं असणार. सोमवार, गुरुवार, संकष्टी असेल आणि घरात मासे शिजत नसतील तर आग्रह नको. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी आणि सोलकढीवर कुणी उपाशी राहत नाही.

पाणी विहिरीचं, आणि एप्रिल-मेमध्ये तळाला गेलेलं. पंप ठरावीक वेळी लागतो, बादल्या तेव्हाच भरून ठेवा. समुद्रातून आल्यावर वाळू अंगणातल्या नळावर एका तांब्यात धुवा, न्हाणीघरात नको, मोरी तुंबते. सॅनिटरी पॅड आणि डायपर संडासात टाकले की शोषखड्डा भरून घरमालकाला उपसावा लागतो. गावात रोज सकाळी घंटागाडी येत नाही. तुमच्या वेफर्सच्या पिशव्या आणि बाटल्या ठाण्याला परत न्या. त्या तिथे ठेवल्या की परसात जळतात किंवा वहाळातून समुद्रात जातात. रोख रक्कम माणशी दिवसाच्या हिशेबाने पूर्ण न्या. रेंज नसली की यूपीआय चालत नाही आणि एटीएमसाठी मोठ्या गावात जावं लागतं.

हातातली बॅटरी (टॉर्च) प्रत्येकाची वेगळी. जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटींत फुरसं हा विषारी साप असतो, रात्री अनवाणी जाऊ नये. चावलं तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. तो अवयव हलू न देता १०८ किंवा मिळेल त्या वाहनाने थेट दवाखान्यात, आणि निघण्याआधी फोन करून सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन तिथे आहे ना ते विचारा. बूट झटकून घाला, विंचवासाठी. लाल विंचवाच्या दंशानंतर घाम, उलटी, हातपाय गार पडणं दिसलं तर घरगुती उपाय थांबवा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही गोळी त्यावर वापरून असंख्य जीव वाचवले, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली, आणि कोकणातल्या डॉक्टरांना तो उपचार चांगला माहीत आहे. शिंगाळा किंवा पाकट या माशांचा काटा पायात घुसला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास धरा, वेदना उतरते, मग डॉक्टर. जेलीफिशला समुद्राचंच पाणी, गोडं नाही आणि चोळणंही नाही.

दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. वरचं सगळं नोव्हेंबर ते मेचं आहे, पावसाळ्यात समुद्रात पाऊलही नको. आणि शिमगा-गणपतीत जाऊ नका, तेव्हा प्रत्येक घर मुंबई-ठाण्याहून आलेल्या आपल्याच माणसांनी भरलेलं असतं.

तिसरी गोष्टही सांगते. माझं माहेर अशाच एका गावात आहे आणि तिथला ट्रॅक्टर चुलत भावाचा आहे. हे धरून पुढचं वाचा. ट्रॅक्टर मुद्दाम ठेवलेला नसतो. तो नांगरटीला, चिरे वाहायला, होड्या ओढायला घेतलेला असतो. रुतलेल्या गाडीसाठी त्याला ओल्या वाळूत मागे न्यावं लागतं, पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये खारं पाणी जातं, ते ग्रीस त्याच आठवड्यात काढून नवं भरावं लागतं, आणि कधी कधी ट्रॅक्टरच फसतो, मग दुसरा आणावा लागतो. दोर धरायला दोन माणसं हातातलं काम टाकून येतात. दोन-तीन हजार मागितले की लूट म्हणणाऱ्यांनी महामार्गावर क्रेनला काय दिलं ते आठवावं. मोलभाव करायचाच तर आधी करा, गाडी वर आल्यावर नव्हे.

तुम्ही गाडी सुरूच्या बनात ठेवलीत तर यातलं काहीच लागणार नाही. तरी आल्या दिवशी यजमानांना तिथी विचारून पाऊणपट करून घ्या, आईंना किती वाजता खाली न्यायचं ते त्यावरच ठरेल.